व्हेंडरचा जुना कंपायलर बदलताना: कॉर्टेक्स-एम फर्मवेअर जीसीसी ४.९ वरून १४.२ वर नेण्याच्या पायऱ्या

मायक्रोकंट्रोलर विकणारी कंपनी (व्हेंडर) आयडीई, म्हणजे कोड लिहून बिल्ड करण्याचं सॉफ्टवेअर, देते आणि त्याच्या पोटात कंपायलरही देते. आयडीई जुना होतो, कंपनी नवा काढते, पण चालू प्रॉडक्टचा कोड त्या जुन्याच फोल्डरमधल्या कंपायलरवर वर्षानुवर्षं बिल्ड होत राहतो. मग कधी एखादी नवी लायब्ररी सी११ मागते, कधी नव्या लॅपटॉपवर जुना इन्स्टॉलर चालत नाही, तर कधी पुढची चिप आर्मच्या कॉर्टेक्स-एम३३ या प्रोसेसर कोअरची निघते आणि जुन्या कंपायलरला तो माहीतच नसतो.

इथे एक नेमका प्रवास धरला आहे: आयडीईसोबत आलेला आर्मसाठीचा जीसीसी (जीएनयूचा सी कंपायलर) ४.९ सोडून आर्म जीएनयू टूलचेन (कंपायलर, लिंकर आणि सोबतची टूल) १४.२ वर जाणं. उदाहरणाला एसटीएम३२एफ४०७ घेतला आहे, म्हणजे कॉर्टेक्स-एम४, १ एमबी फ्लॅश, १९२ केबी रॅम. कंपनी दुसरी असली तरी कोअर कॉर्टेक्स-एम असेल तर पायऱ्या याच. फ्लॅग, फंक्शन आणि टूल यांची नावं खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत टाइप करायची. हेक्स पत्त्यांमधलं ‘एक्स’ म्हणजे नेहमीचं शून्यानंतरचं अक्षर.

सुरू करण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. कंपायलर बदलल्यावर जे बिघडतं, त्यातलं बरंचसं आधीपासूनच बिघडलेलं असतं. जुना कंपायलर कमी ऑप्टिमाइझ करत होता म्हणून ते दिसत नव्हतं. त्यामुळे प्रत्येक एररवर एक फ्लॅग टाकून तोंड बंद करत गेलात, तर अपग्रेडचा निम्मा फायदा वाया जातो.

आणि कधी करू नये तेही आधीच: रिलीज दोन आठवड्यांवर असताना करू नका. प्रॉडक्ट आयएसओ २६२६२ किंवा आयईसी ६१५०८ या सुरक्षा-मानकांखाली प्रमाणित असेल, तर कंपायलर हा त्या प्रमाणपत्राचा भाग असतो. सेफ्टी टीमशी लेखी बोलल्याशिवाय हात लावू नका.

काय काय हाताशी हवं

- जुन्या टूलचेनचा पूर्ण फोल्डर, झिप करून दोन ठिकाणी ठेवलेला. इन्स्टॉलर मिळाला तर तोही.
- जुन्या बिल्डची ईएलएफ, हेक्स (या दोन म्हणजे तयार प्रोग्राम) आणि मॅप फाइल (काय कोणत्या पत्त्यावर बसलं त्याची यादी). शक्यतो फील्डमध्ये गेलेल्या रिलीजची.
- जुन्या बिल्डचा पूर्ण कमांड-लॉग, प्रत्येक फाइलला कोणते फ्लॅग लागले ते दाखवणारा.
- लिंकर स्क्रिप्ट (मेमरीचा आराखडा), स्टार्टअप फाइल (मेनच्या आधी चालणारा कोड) आणि सोर्स नसलेल्या सगळ्या डॉट-ए, म्हणजे आधीच कंपाइल केलेल्या, लायब्ररींची यादी.
- बोर्ड, डीबगर (एसटी-लिंक, जे-लिंक, जो असेल तो) आणि एक सीरियल केबल.
- जीसीसीच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीसोबत निघणारं ‘पोर्टिंग टू’ पान. ५ पासून १४ पर्यंतची सगळी चाळून ठेवा. एका दुपारचं वाचन आहे.

१. जुनं बिल्ड आधी जसंच्या तसं पुन्हा करून दाखवा

बरेचजण ही पायरी गाळतात आणि पुढे त्याचीच किंमत मोजतात. स्वच्छ फोल्डरमध्ये कोड चेकआउट करा, जुन्याच कंपायलरने बिल्ड करा आणि निघालेली बायनरी फील्डमधल्या रिलीजशी बाइट-बाइट ताडून पाहा. जुळली नाही तर तुमच्याकडे तुलनेला आधारच नाही. आधी तो तयार करा.

न जुळण्याची नेहमीची कारणं तीन. कोडमध्ये कुठेतरी डेट किंवा टाइम मॅक्रो वापरलेला असतो, त्यामुळे प्रत्येक बिल्ड वेगळं निघतं. तो एका ठिकाणी आणून स्थिर किंमत द्या. असर्ट मॅक्रोमुळे फाइलचा पूर्ण पाथ बायनरीत शिरतो, म्हणून दुसऱ्या मशीनवर आकारच बदलतो. तिसरं कारण म्हणजे कुणाच्या तरी मशीनवरच असलेली, कमिट न केलेली फाइल. हे तिसरं सापडलं तर अपग्रेड नाही झालं तरी तुमचा दिवस सार्थकी लागला समजा.

कंपायलरची नेमकी आवृत्ती ‘-व्ही’ फ्लॅगने विचारा आणि तो अख्खा मजकूर जपून ठेवा. आयडीईच्या ‘अबाउट’ खिडकीत दिसतो तो आयडीईचा आकडा असतो, कंपायलरचा नाही.

२. बिल्डला आयडीईच्या बाहेर काढा

आयडीई फ्लॅग स्वतःच्या एक्सएमएल फाइलीत लपवून ठेवतो आणि काही फ्लॅग न सांगता स्वतःच जोडतो. वरच्या यादीतला कमांड-लॉग समोर ठेवून साधी मेकफाइल किंवा सीमेक फाइल लिहा. त्यात टूलचेनचा पाथ एकाच व्हेरिएबलमध्ये ठेवा, म्हणजे जुना आणि नवा कंपायलर एका शब्दाच्या फरकाने आलटून-पालटून वापरता येतील. हा स्विच पुढे रोज लागतो.

कॉर्टेक्स-एम४ साठी चार फ्लॅग कधी सुटू नयेत: ‘-एमसीपीयू=कॉर्टेक्स-एम४’, ‘-एमथंब’, ‘-एमफ्लोट-एबीआय=हार्ड’ आणि ‘-एमएफपीयू=एफपीव्ही४-एसपी-डी१६’. हे चारही कंपाइल करताना आणि लिंक करतानाही द्यायचे. नवखे लोक इथे हमखास अडकतात. लिंकच्या ओळीत ते नसले तर जीसीसी आपली डीफॉल्ट सी लायब्ररी उचलतो, आणि ती थंब नव्हे तर आर्म मोडची असते. लिंक बिनतक्रार होऊ शकतं, आणि पहिल्याच मेमसेटला बोर्ड हार्डफॉल्टमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या गंभीर चुकीच्या हँडलरमध्ये, जातो. खात्री करायची असेल तर हेच फ्लॅग देऊन ‘-प्रिंट-मल्टी-डिरेक्टरी’ विचारा. नव्या टूलचेनमध्ये उत्तरात ‘व्ही७ई-एम+एफपी’ आणि ‘हार्ड’ दिसलं पाहिजे. नुसता एक टिंब आला तर फ्लॅग पोचलेले नाहीत.

लिंकर थेट ‘एलडी’ने बोलावू नका, जीसीसीमार्फतच लिंक करा, म्हणजे लायब्ररींची निवड तोच करतो.

मेकफाइलने जुन्या कंपायलरवर तीच बायनरी निघाली की कमिट करा. अजून नवा कंपायलर उतरवलेलाही नाही, आणि हाच योग्य क्रम आहे.

३. नवी टूलचेन जुन्याच्या शेजारी बसवा

आर्मच्या डेव्हलपर साइटवर नावांचा गोंधळ आहे. २०२१ पर्यंत ‘जीएनयू आर्म एम्बेडेड टूलचेन’ नावाने रिलीज येत होते. त्यातला शेवटचा १०.३-२०२१.१०. २०२२ पासून, ११.२ च्या पुढे, सगळं ‘आर्म जीएनयू टूलचेन’ या एकाच पानावर आहे. जुन्या पानावर जाऊन ‘१०.३ हाच नवा’ असं समजू नका.

नव्या पानावर टार्गेटही अनेक दिसतील. तुम्हाला हवा तो ‘आर्म-नन-ईएबीआय’, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम नसलेल्या चिपसाठीचा. ‘आर्म-नन-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ’ हा लिनक्स चालवणाऱ्या बोर्डांसाठी आहे. नावं इतकी सारखी की चुकीचा उतरवला जातोच.

फाइलसोबतचा एसएचए२५६ चेकसम तपासा. पाथमध्ये स्पेस नको. विंडोजवर फोल्डर ड्राइव्हच्या मुळाशीच ठेवा, नाहीतर २६० अक्षरांची पाथ-मर्यादा आड येते. सिस्टीमच्या ग्लोबल पाथ व्हेरिएबलमध्ये टूलचेन घालू नका. तिथे दोन जीसीसी आले की कोणता चालतोय हे कळत नाही, आणि तुम्ही दिवसभर जुन्याच कंपायलरवर ‘नवं’ बिल्ड करत बसता.

लिनक्सवर सोबतचा जीडीबी कधीकधी सुरूच होत नाही: एनकर्सेस किंवा पायथनची ठरावीक शेअर्ड लायब्ररी मिळत नाही म्हणतो. डेबियन किंवा उबुंटूवर ‘जीडीबी-मल्टीआर्च’ पॅकेज घाला आणि तोच वापरा. कंपायलरला त्याने काही फरक पडत नाही.

४.९ वरून थेट १४.२ वर उडी मारायची की मध्ये थांबायचं? कोड दहा-पंधरा हजार ओळींपेक्षा मोठा असेल तर १०.३ वर एक थांबा घ्यावा, असं माझं मत आहे. १०.३ वर एका जातीचे एरर येतात, १४ वर दुसऱ्या जातीचे. वेगवेगळे आले तर वाचता येतात, एकत्र आले तर तीन हजार ओळींचा लॉग पाहूनच माणूस खचतो.

४. व्हेंडरने स्वतःचं काय मिसळलंय ते शोधा

व्हेंडरचा जीसीसी नेहमी मूळ जीसीसी नसतो. एसटी आपली ‘जीएनयू टूल्स फॉर एसटीएम३२’ देते, तिच्यात स्वतःचे पॅच असतात. एसटीएम३२क्यूब आयडीईतल्या बिल्डमध्ये दिसणारा ‘-एफसायक्लोमॅटिक-कॉम्प्लेक्सिटी’ हा फ्लॅग त्यातलाच. मूळ जीसीसीला तो कळत नाही आणि तिथेच बिल्ड थांबतं. तो सरळ काढून टाका, कोडवर परिणाम नाही.

सी लायब्ररीचं प्रकरण जास्त गंभीर आहे. एनएक्सपीच्या एलपीसी घराण्याचे जुने प्रकल्प बऱ्याचदा ‘रेडलिब’ नावाच्या तिच्याच आयडीईसोबत येणाऱ्या लायब्ररीवर बांधलेले असतात. आर्मच्या टूलचेनमध्ये ती नाही. तिथे न्यूलिब आणि तिचं लहान रूप न्यूलिब-नॅनो आहेत. म्हणून आधी जुन्याच कंपायलरवर, आयडीईच्या सेटिंगमधून, प्रकल्प न्यूलिब-नॅनोवर आणा, बोर्डवर तपासा, कमिट करा आणि मग कंपायलर बदला. दोन्ही एकाच वेळी बदललंत तर प्रिंटएफ बिघडल्यावर दोष कुणाचा हे ठरवता येणार नाही.

न्यूलिब-नॅनोवर येताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. फ्लोट छापायचा असेल तर लिंकच्या ओळीत ‘-यू _प्रिंटएफ_फ्लोट’ लागतं, नाहीतर आकड्याच्या जागी काहीच येत नाही. आणि ६४-बिट पूर्णांक छापण्याचा ‘एलएलडी’ फॉरमॅट नॅनोत चालत नाही.

आता डॉट-ए लायब्ररींची यादी घ्या. प्रत्येकीवर ‘रीडएल्फ’ हे टूल मोठ्या ‘ए’ फ्लॅगने चालवा. व्हीएफपी आर्ग्युमेंटची नोंद पाहा: ती तुमच्या हार्ड किंवा सॉफ्ट निवडीशी जुळलीच पाहिजे, नाहीतर लिंकर ठाम नकार देतो. ईनमच्या आकाराची नोंदही पाहा. ‘आर्म-नन-ईएबीआय’ जीसीसीत ईनम मावेल तितकाच लहान होतो; पण दुसऱ्या कंपायलरने बांधलेली लायब्ररी तो ४ बाइट धरून चालू शकते. इथे लिंकर फक्त वॉर्निंग देतो. ती दाबू नका, कारण त्या ईनमचं एखादं स्ट्रक्ट लायब्ररीकडे गेलं की पुढचे सगळे मेंबर सरकतात.

एखादी लायब्ररी एलटीओ (लिंक करताना होणारं ऑप्टिमायझेशन) फ्लॅगने बांधलेली असेल तर नवा लिंकर ‘बाइटकोड आवृत्ती जुळत नाही’ म्हणून ती नाकारेल. यावर तुमच्या हातात उपाय नाही. व्हेंडरकडे एलटीओशिवायची प्रत मागा, आणि ती मागणी आजच पाठवा. उत्तराला वेळ लागतो.

५. पहिलं बिल्ड आणि त्याचे एरर

कोणताही फ्लॅग न बदलता, ‘मेक -के’ ने म्हणजे एरर आला तरी पुढे जात, सगळा लॉग फाइलीत घ्या. मग एरर जातीनुसार वेगळे करा. जवळपास सगळे पुढच्यांपैकी कशात तरी बसतील.

*एकच व्हेरिएबल अनेकदा डिफाइन झालं.* जीसीसी १० पासून ‘-एफनो-कॉमन’ हे डीफॉल्ट आहे. हेडर फाइलीत ‘एक्सटर्न’ न लिहिता ग्लोबल व्हेरिएबल टाकलं आणि ती हेडर पाच फाइलींत घेतली, तर आधी लिंकर पाचही गुपचूप एक करायचा. आता तो तक्रार करतो. हेडरमध्ये ‘एक्सटर्न’ लिहा, खरी डेफिनिशन एकाच सी फाइलीत ठेवा. ‘-एफकॉमन’ देऊन तात्पुरतं पुढे जाता येतं, पण आधी नावांवर नजर टाका: दोन वेगळ्या मॉड्यूलमध्ये ‘स्टेट’ किंवा ‘काउंट’ नावाची दोन स्वतंत्र व्हेरिएबल्स असतील, तर आजवर ती एकाच जागेवर लिहीत होती. तो जुना बग आहे आणि फील्डमधून येणारी एखादी न उलगडलेली तक्रार त्याच्यामुळेच असू शकते.

*इनलाइन फंक्शन सापडत नाही.* ४.९ चं डीफॉल्ट स्टँडर्ड जीएनयू९० होतं. जीसीसी ५ ने ते जीएनयू११ केलं. जीएनयू९० मध्ये सी फाइलीत नुसतं ‘इनलाइन’ लिहिलेलं फंक्शन बाहेरच्या फाइलींनाही मिळायचं, जीएनयू११ मध्ये मिळत नाही. हेडरमधलं असेल तर ‘स्टॅटिक इनलाइन’ करा, सी फाइलीतलं असेल तर ‘इनलाइन’ शब्दच काढा. आणि याच वेळी मेकफाइलमध्ये ‘-एसटीडी=जीएनयू११’ स्पष्ट लिहून टाका. जीसीसी १५ चं डीफॉल्ट जीएनयू२३ आहे. तिथे ‘बूल’ हा भाषेचा राखीव शब्द आहे, आणि स्वतःचा ‘बूल’ टाइपडेफ केलेला जुना कोड त्यावर अडतो.

*डिक्लेअर न केलेलं फंक्शन, न जुळणारा पॉइंटर.* या आजवर वॉर्निंग होत्या. जीसीसी १४ ने एरर केल्या. ‘-एफपर्मिसिव्ह’ने त्या पुन्हा वॉर्निंग होतात, पण तसं करू नका. हार्ड फ्लोट एबीआयमध्ये (फंक्शन-कॉलच्या नियमांत) फ्लोट परत करणारं फंक्शन उत्तर एस० रजिस्टरमध्ये ठेवतं. डिक्लेरेशन नसेल तर कंपायलर ते ‘इंट’ समजतो आणि आर० वाचतो. मिळतो तो आर० मध्ये आधी पडलेला कचरा. सेन्सरच्या कॅलिब्रेशनच्या कोडमध्ये हे घडत असेल तर आकडे अधूनमधून बरे वाटतात आणि अधूनमधून वेडेवाकडे. योग्य हेडर इन्क्लूड करणं एवढाच उपाय.

*सीएमएसआयएसच्या, म्हणजे आर्मच्या कोअरसाठीच्या तयार हेडरच्या, जुन्या फाइली.* इनलाइन असेंब्लीत स्टॅक पॉइंटर क्लॉबर म्हणून लिहिलेला असतो, त्यावर जीसीसी ९ पासून वॉर्निंग येते. स्वतः दुरुस्त करत बसू नका; सीएमएसआयएस ५ च्या कोअर फाइली आणा.

६. लिंकरची कुरकुर

‘लोड सेगमेंटला आरडब्ल्यूएक्स परवानगी आहे’ ही वॉर्निंग बिनयुटिल्स २.३९ पासून येते. एमएमयू नसलेल्या चिपवर तिने धोका नाही. लिंकर स्क्रिप्टमध्ये इनिट-अॅरेसारख्या सेक्शनना ‘रीडओन्ली’ लावलं की ती जाते. पण हा शब्द जुन्या लिंकरला कळत नाही, म्हणजे तुमचा जुना-नवा स्विच मोडतो. तोवर ‘--नो-वॉर्न-आरडब्ल्यूएक्स-सेगमेंट्स’ फक्त नव्यासाठी द्या.

‘_क्लोज इम्प्लिमेंट केलेलं नाही आणि नेहमी फसेल’ अशा चार-पाच ओळी दिसतील. न्यूलिब खालच्या थरातली फंक्शनं शोधतं आणि त्याला नोसिस लायब्ररीतली रिकामी मिळतात. प्रकल्पात स्वतःची सिसकॉल्स फाइल ठेवा. राइट आणि एसबीआरके ही दोन नीट लिहा, बाकीची एरर परत करणारी चालतील.

७. बोर्डवर टाकण्याआधी मॅप फाइल वाचा

व्हेक्टर टेबल (इंटरप्ट हँडलरांच्या पत्त्यांचा तक्ता) ०एक्स०८०००००० वरच आहे ना? बूटलोडर (आधी चालून अॅप्लिकेशन सुरू करणारा छोटा प्रोग्राम) असेल तर अॅप्लिकेशनचा सुरुवातीचा पत्ता तोच आहे ना? ठरावीक पत्त्यावरचा कॉन्फिगरेशन ब्लॉक आणि चेकसमची जागा हलली नाही ना? ‘एनएम’ टूल ‘--साइझ-सॉर्ट’ देऊन जुन्या आणि नव्या ईएलएफवर चालवा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. एखादं मोठं फंक्शन यादीतून गायब असेल तर ते इनलाइन झालं की कंपायलरने मृत समजून काढलं, हे ठरवूनच पुढे जा.

बूटलोडर आणि अॅप्लिकेशन एकाच वेळी नव्या कंपायलरवर नेऊ नका. फील्डमधला बूटलोडर जुनाच राहणार आहे, आणि तपासायची जोडी तीच: जुना बूटलोडर, नवं अॅप्लिकेशन.

डेटा स्ट्रक्चरचे आकार ‘स्टॅटिक असर्ट’ने बांधून टाका, खास करून जी स्ट्रक्ट ईईप्रॉममध्ये, फ्लॅशमध्ये किंवा रेडिओवर जातात ती. टाइम_टी जुन्या न्यूलिबमध्ये ४ बाइटचा होता, नव्यात ८ बाइटचा आहे. लॉग-रेकॉर्डमध्ये तो असेल तर अपग्रेडनंतर उपकरण जुने रेकॉर्ड चुकीचे वाचेल, आणि टेबलावरच्या कोऱ्या बोर्डवर हे कधीच दिसणार नाही. साठवायच्या स्ट्रक्टमध्ये टाइम_टी वापरूच नका. नेमक्या रुंदीचा पूर्णांक घ्या.

८. बिल्ड होतं, पण बोर्ड चालत नाही

सगळ्यात आधी हार्डफॉल्ट हँडलरमध्ये दोन रजिस्टर वाचायची सोय करा: सीएफएसआर, पत्ता ०एक्सई०००ईडी२८, आणि बीएफएआर, पत्ता ०एक्सई०००ईडी३८. सोबत स्टॅकवर ठेवलेला पीसी, म्हणजे प्रोग्राम काउंटर. एवढ्यावर निम्मं निदान होतं.

*सीएफएसआरचा बिट १६ लागला असेल* तर अपरिचित सूचना चालली आहे. पीसीवर ‘यूडीएफ #२५५’ दिसली तर ती कंपायलरने मुद्दाम ठेवलेली आहे. शून्य पत्त्यावरून वाचणं सी भाषेत अवैध, म्हणून तिथे तो सापळा लावतो. पण कॉर्टेक्स-एमवर शून्य पत्त्यावर व्हेक्टर टेबल असू शकतं आणि बूटलोडर ते खरंच वाचतो. टेबलाचा पत्ता व्हीटीओआर रजिस्टरमधून घ्या, किंवा त्या एका फाइलीला ‘-एफनो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स’ द्या. याच घरातली वॉर्निंग म्हणजे जीसीसी १२ पासूनची ‘अॅरेच्या बाहेर’; पहिल्या ४ केबीतल्या स्थिर पत्त्यांवर ती येते आणि ‘--पॅरम=मिन-पेजसाइझ=०’ने जाते.

*बिट १७ असेल* तर पायरी २ कडे परत जा: आर्म मोडची लायब्ररी लिंक झाली आहे, किंवा हाताने घडवलेल्या फंक्शन पॉइंटरचा शेवटचा बिट १ नाही.

*बिट १८ असेल* तर एक्सेप्शनमधून परतताना ईएक्ससी-रिटर्न बिघडलं आहे. कॉन्टेक्स्ट स्विचची असेंब्ली तपासा. आरटीओएसचं (टास्क आलटून-पालटून चालवणाऱ्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमचं) पोर्ट जुनं असेल तर तेही नव्या आवृत्तीचं आणा.

*बिट २४ असेल* तर विषम, म्हणजे ४ ने पूर्ण भाग न जाणाऱ्या, पत्त्यावरून वाचन झालंय. एम४ वर साधा एलडीआर विषम पत्ता सहन करतो, पण एलडीआरडी आणि एलडीएम करत नाहीत. यूएआरटीच्या बाइट-बफरवर स्ट्रक्टचा पॉइंटर कास्ट करून वाचणारा कोड इथे पडतो: नवा कंपायलर शेजारचे दोन लोड जोडून एलडीआरडी बनवतो, आणि जो कोड अनेक वर्षं चालला तो पॅकेटचा हेडर विषम जागी आला की मरतो. मेमकॉपी वापरा. कंपायलर तिचं बहुतेकदा तितकंच लहान, पण सुरक्षित रूप करतो. त्याच कास्टमुळे स्ट्रिक्ट एलियासिंगचाही नियम मोडत असतो, तोही प्रश्न सुटतो.

*मेनपर्यंत पोचतच नाही.* स्टार्टअप सी मध्ये लिहिलेला असेल तर त्यातलं डेटा कॉपी करणारं लूप पाहा. जीसीसी १० पासून ओ२ या ऑप्टिमायझेशन-पातळीवरसुद्धा कंपायलर असं लूप ओळखून तिथे मेमकॉपी किंवा मेमसेटचा कॉल घालतो. मेमकॉपी स्वतः रॅममध्ये ठेवलेली असेल तर ती अजून तिथे पोचलेलीच नसते. आणि तुम्ही स्वतःची मेमकॉपी लिहिली असेल तर तिच्या आतलं लूप मेमकॉपीलाच बोलावतं, अखंड, स्टॅक संपेपर्यंत. दोन्हींवर उपाय: त्या फाइलींना ‘-एफनो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स’.

*अडकून बसतं.* इंटरप्टमध्ये बदलणारा फ्लॅग ‘व्होलाटाइल’ नाही. शोधून सगळे दुरुस्त करा. एक सापडला की आणखी असतातच.

*वेळा बदलल्या.* फॉर लूपने केलेले डिले नव्या कंपायलरवर आखूड होतात किंवा नाहीसेच होतात, आणि एलसीडी किंवा एक-वायर सेन्सर रुसतो. डीडब्ल्यूटीचा सायकल काउंटर, ०एक्सई०००१००४, वापरून डिले लिहा. तो आधी सुरू करावा लागतो, हे विसरू नका.

*काही तासांनी पडतं.* स्टॅक. इनलाइनिंग वाढलं की एका फंक्शनची फ्रेम मोठी होते. ‘-एफस्टॅक-यूसेज’ने प्रत्येक फंक्शनचा आकडा मिळतो, जुना-नवा ताडून पाहा. फ्रीआरटीओएस असेल तर हाय-वॉटरमार्क फंक्शन प्रत्येक टास्कसाठी छापा, आणि तो आकडा बाइटमध्ये नसून वर्डमध्ये असतो हे ध्यानात ठेवा: ४० म्हणजे १६० बाइट शिल्लक.

९. दोषी फाइल सापडत नसेल तर

ही युक्ती फार कमी लोक वापरतात, आणि फार उपयोगी आहे. दोन्ही कंपायलर एकच ईएबीआय पाळतात, त्यामुळे जुन्याने बनवलेल्या आणि नव्याने बनवलेल्या ऑब्जेक्ट फाइली एकत्र लिंक होतात. निम्म्या जुन्या, निम्म्या नव्या घ्या, नव्या लिंकरने जोडा, बोर्डवर पाहा. चुकतंय त्या निम्म्यात पुन्हा निम्मं करा. १२८ फाइली असतील तर सात फेऱ्यांत एकच उरते. मग त्या फाइलीवर ओ२ चं ओ१, मग एकेक फंक्शनवर.

पथ्यं मात्र आहेत: एलटीओ बंद, फ्लोट आणि ईनमचे फ्लॅग दोन्हीकडे सारखे, आणि एसटीडीआयओ, एररनो किंवा टाइम वापरणाऱ्या फाइली नेहमी नव्यानेच बांधलेल्या, कारण न्यूलिबच्या आतल्या स्ट्रक्चर बदलल्या आहेत.

दोन्ही कंपायलर ओ२ ला नेमकं काय काय चालू करतात ते ‘-क्यू --हेल्प=ऑप्टिमायझर्स’ छापतं. दोन याद्यांचा डिफ काढा; संशयितांची यादी तयारच मिळते.

१०. स्थिरावल्यावर टूलचेन गोठवा

आता वॉर्निंग वाढवा: ‘-डब्ल्यूऑल -डब्ल्यूएक्स्ट्रा’. स्विचमधला सुटलेला ब्रेक आणि फसवं इंडेंटेशन पकडणाऱ्या तपासण्या जीसीसी ६ आणि ७ मध्ये आल्या, त्या ४.९ कडे नव्हत्याच. एलटीओ या टप्प्यावरच आणि वेगळ्या कमिटमध्ये. असेंब्ली स्टार्टअपमधल्या वीक (डीफॉल्ट, बदलता येणाऱ्या) हँडलरांशी त्याचं पटत नाही आणि तुमचे इंटरप्ट हँडलर मुकाट गळू शकतात. चालू केलंत तर मॅप फाइलीत प्रत्येक हँडलरचं नाव डोळ्यांनी पाहा.

उतरवलेली टूलचेनची फाइल चेकसमसह स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, फक्त लिंक नको. डॉकर इमेज केली तर सीआय (आपोआप बिल्ड करणारा सर्व्हर) आणि टीममधला प्रत्येकजण एकाच कंपायलरवर राहतो. एका सामाईक हेडरमध्ये __जीएनयूसी__ ची किंमत १४ नसेल तर एरर द्या, आणि __व्हर्जन__ ची स्ट्रिंग फर्मवेअरमध्ये ठेवून बूट होताना सीरियलवर छापा. फील्डमधून परत आलेला बोर्ड मग स्वतःच सांगतो की तो कोणत्या कंपायलरचा.

जुनी टूलचेन पुसू नका. तिच्यावर बांधलेलं एक जरी युनिट ग्राहकाकडे असेल तरी तिची झिप आणि ती चालणारं एक व्हर्च्युअल मशीन जपून ठेवा, आणि वर्षातून एकदा त्यावर पायरी १ चं बिल्ड करून बाइट जुळतात का ते पाहा.